एक गोळी, पंचवीस लाख लिटर

१२ जुलै २०१९ रोजी जोलारपेट्टैहून निघालेली पाण्याची पहिली गाडी आवडी स्थानक ओलांडून चेन्नईच्या विल्लिवाक्कमला पोचली. शहराला पाणी पुरवणारे चारही मोठे जलाशय तेव्हा आटले होते. ५० वाघिणी, २५ लाख लिटर पाणी. मराठी माणसाला हा आकडा ओळखीचा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला गेलेली ‘जलदूत’ आधी १० वाघिणींची होती, मग ५० वाघिणींची झाली, आणि पूर्ण भरली की तिच्यातही २५ लाख लिटरच पाणी असायचे. आपला विषय आहे पाण्यात मिसळणारी औषधे, आणि त्यांचे आकडे इतके बारीक आणि इतके अवाढव्य असतात की रोजच्या मापांत ते बसत नाहीत. म्हणून या लेखापुरते आपण एकच माप धरू: पाण्याची एक गाडी, म्हणजे २५ लाख लिटर.

आता सांधेदुखीवर सर्रास घेतली जाणारी डायक्लोफिनॅकची ५० मिलिग्रॅमची एक गोळी घेऊ आणि ती या ५० वाघिणींत सारखी विरघळली असे समजू. लिटरमागे औषध उरते २० नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतक्या विरळ पाण्यात आता औषध कसले, असेच कोणालाही वाटेल. पण त्याच पाण्याचा एक चमचा, फक्त ५ मिलिलिटर, बाजूला काढला तर त्यात डायक्लोफिनॅकचे सुमारे १९ हजार कोटी रेणू असतात. गाडीतून कुठूनही चमचा भरा, रेणू तेवढेच. आजची यंत्रे हे प्रमाण सहज मोजतात.

मोजता येते म्हणून ते घातक ठरत नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर कॅनडातल्या एका तळ्याने दिले. ऑन्टॅरिओ प्रांतात केवळ प्रयोगांसाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यांपैकी २६० क्रमांकाच्या तळ्यात २००१ ते २००३ अशी तीन वर्षे उन्हाळ्यात शास्त्रज्ञांनी गर्भनिरोधक गोळीतले इथिनिल इस्ट्राडायोल सोडले, लिटरमागे फक्त ५ ते ६ नॅनोग्रॅम. आपल्या मापात सांगायचे तर अख्ख्या गाडीत १२.५ ते १५ मिलिग्रॅम. ‘माला-एन’च्या एका गोळीत हे द्रव्य ०.०३ मिलिग्रॅम असते, आणि पाकिटात अशा २१ गोळ्या. म्हणजे २५ लाख लिटर पाण्यात वीस ते चोवीस पाकिटे. तेवढ्याने तळ्यातल्या फॅटहेड मिनो जातीच्या नरांच्या शरीरात मादीची अंडप्रथिने तयार होऊ लागली, माद्यांच्या अंड्यांची वाढ बिघडली, आणि मिनोंची संख्या जवळपास शून्यावर आली. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. मासे विषाने तडफडून मेले नव्हते. त्यांना पिल्ले होणे थांबले होते. हा फरक ध्यानात ठेवा, शेवटी तो लागणार आहे.

दुसरा दाखला आपल्या गावकुसाबाहेरचा. ढोर मेले की गिधाडे उतरायची, आणि तासाभरात सांगाडा उरायचा. गुरांना डायक्लोफिनॅक देणे सुरू झाले आणि ते ज्या मेलेल्या गुरांच्या अंगात उरले त्यांच्या मांसातून ते गिधाडांच्या मूत्रपिंडांपर्यंत पोचले. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारांतले एक उरले. त्यासाठी किती मृत गुरांत औषध असावे लागत होते? २००४ च्या गणितानुसार शंभरात एकही नाही, त्याहून कमी. गुरांसाठीचे डायक्लोफिनॅक २००६ मध्ये बंद झाले. गिधाडे गेल्यामुळे कुत्री, घाण आणि रोगराई वाढली. त्यातून २००० ते २००५ या काळात देशात सुमारे ५ लाख माणसे जास्तीची मेली, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडला. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे. पण एका वेदनाशामकाच्या उरलेल्या अंशाचा पल्ला केवढा असू शकतो, ते त्यातून कळते.

इथवर आकडे बारीक होते. आता दुसरे टोक.

पाण्याच्या गाडीने वाटेत ओलांडलेली आवडी चेन्नईच्या वायव्येला, तिरुवळ्ळूर जिल्ह्यात आहे. १९५५ च्या जानेवारीत इथल्याच काँग्रेस अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला. पुढे रणगाड्यांचा कारखाना आला. ‘विजयंता’ इथे बांधला गेला, ‘अर्जुन’ची आखणी इथे झाली. आपल्या अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी २०२१ पासून ज्या सरकारी कंपनीत गेली तिचे मुख्यालयही आवडीतच आहे, त्यामुळे अंबरनाथच्या कामगारवस्तीत हे नाव नवे नाही. २०११ च्या जनगणनेत आवडीची लोकसंख्या ३ लाख ४५ हजार ९९६ होती. २०१९ मध्ये तिथे महापालिका झाली, आणि लोकसंख्या नक्कीच वाढली असणार. मी मुद्दाम जुनाच, मोजलेला आकडा धरतो.

नगररचनेच्या नेहमीच्या हिशेबात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येते. म्हणजे माणशी १०८ लिटर, आणि आवडीचे रोजचे ३ कोटी ७४ लाख लिटर. पाण्याच्या १५ गाड्या. एकट्या आवडीच्या गटारांतून, दररोज.

साऱ्या देशाचा आकडा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात आहे: शहरी भारतात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. त्याच्या जवळपास २९ हजार गाड्या होतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दर तीन सेकंदांना ५० वाघिणींची एक गाडी, रात्रंदिवस, न थांबता. एकट्या महाराष्ट्राचे ९,१०७ दशलक्ष लिटर, म्हणजे दर चोवीस सेकंदांना एक गाडी. देशभरात यातल्या २०,२३६ दशलक्ष लिटरवर, शेकडा २८ भागावर, प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती. उरलेले ७२ टक्के जसेच्या तसे नाल्यात, नदीत, खाडीत.

या पाण्यात औषध कुठून येते? बहुतांशी आपल्याच अंगातून. मधुमेहाचे मेटफॉर्मिन शरीरात मोडतच नाही. जेवढे गिळले तेवढे लघवीतून आणि शौचातून बाहेर पडते. देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत, असे आयसीएमआरच्या पाहणीने २०२३ मध्ये सांगितले. आवडीत दर वीस माणसांमागे एकच जण रोज एक ग्रॅम मेटफॉर्मिन घेतो असे समजा. रोज १७ किलोंहून अधिक औषध गटारात जाते. ५०० मिलिग्रॅमच्या ३४ हजारांवर गोळ्या, एका गावाच्या, एका औषधाच्या, एका दिवसाच्या. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा निम्म्याच्या आसपासचा भाग लघवीवाटे न बदलता येतो, अॅमॉक्सिसिलिनचा त्याहून जास्त. आणि यकृताने साखरेचा रेणू चिकटवून निकामी करून बाहेर धाडलेली काही औषधे गटारातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडली की ती साखर सुटते आणि मूळ औषध पुन्हा मोकळे होते.

सांडपाणी प्रक्रिया केंद्र हे अडवत नाही का? थोडे अडवते. पण त्याची घडण मैल्यासाठी आहे. टाकीत हवा सोडायची, जिवाणू वाढवायचे, त्यांनी मैला खायचा, मग गाळ खाली बसवायचा. जिवाणू पोटभर मिळते तेच खातात. कोट्यवधी पटींनी विरळ असलेल्या, ओळख नसलेल्या रेणूच्या वाटेला ते कशाला जातील? मेटफॉर्मिन ते मोडतात, पण ग्वानिलयुरिया या तुकड्यापाशी थांबतात. अपस्माराच्या कार्बामॅझेपिनचा तर जेमतेम दहावा भागही ही केंद्रे काढू शकत नाहीत. आयआयटी मद्रासच्या चमूने दोन वर्षे कावेरीचे पाणी तपासून २०२१ मध्ये जो अहवाल दिला, त्यात आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅटेनोलॉल, सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि हेच कार्बामॅझेपिन अशी नावे होती. चेन्नईच्या त्या पाणीगाडीत पाणीही कावेरी योजनेचेच भरले जात होते.

माणसाच्या अंगातून येणारे औषध विरळ असते. कारखान्यातून येणाऱ्याची गोष्ट निराळी. हैदराबादजवळच्या पटनचेरूत सुमारे ९० औषध उत्पादकांचे पाणी ज्या सामाईक प्रक्रिया केंद्रात येई, तिथून ‘शुद्ध’ होऊन बाहेर पडणारे पाणी स्वीडनच्या योआकिम लार्सन यांच्या चमूने तपासले. २००७ साली छापून आलेला आकडा असा: सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत. नॅनो नव्हे, मायक्रो नव्हे, मिलिग्रॅम. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात ते लिटरमागे जास्तीत जास्त अडीच मिलिग्रॅमच्या आसपास चढते. या पाण्याच्या १६ लिटरमध्ये, एका बादलीत, ५०० मिलिग्रॅमची एक अख्खी गोळी होती. केंद्रातून रोज १५ लाख लिटर पाणी बाहेर पडे आणि त्याबरोबर सुमारे ४४ किलो सिप्रोफ्लॉक्सॅसिन. ९० लाख वस्तीचा स्वीडन हे औषध पाच दिवसांत जेवढे वापरत असे, तेवढे इथे एका दिवसात ओढ्याला मिळत होते. अशा पाण्यात जे जिवाणू तगतात ते प्रतिजैविकांना दाद न देणारेच असतात. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असे ‘लॅन्सेट’मधल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले आहे.

प्रक्रिया केंद्रातल्या जिवाणूंना न मोडणारे असे रेणू मोडू शकणारा एक जीव रानात आहे. आता त्या बुरशीकडे वळू.

पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात पडलेले जुने खोड पाहा. त्यावर तपकिरी, राखी, फिकट पिवळ्या पट्ट्यांचे पंखे एकावर एक उगवलेले दिसतात, आणि खोडाची ढलपी काढली तर आतले लाकूड पांढरट, भुसभुशीत, तंतू-तंतू सुटलेले असते. ही पांढरी कुज. लाकडाला ताठपणा देणारे तपकिरी लिग्निन बुरशीने खाऊन टाकलेले असते आणि मागे पांढरा सेल्युलोज उरलेला असतो. ट्रॅमेटिस व्हर्सिकलर ही पंखेवाली बुरशी या जातीची, आणि बाजारात मिळणारी धिंगरी अळंबीही याच जातीची.

लिग्निन मोडणे ही सोपी गोष्ट नाही. सेल्युलोजखालोखाल पृथ्वीवर सर्वांत मुबलक असलेला हा नैसर्गिक बहुवारिक. पण त्याला ठरावीक नक्षी नाही, कड्या वाटेल तशा जोडलेल्या. एका कुलपाला एक किल्ली या न्यायाने चालणारी विकरे (एन्झाइम) इथे हात टेकतात. शिवाय हा रेणू इतका मोठा की पेशीच्या आत घेता येत नाही. बुरशीने यावर जो उपाय शोधला त्यातच आपले काम दडले आहे. ती विकरे अंगाबाहेर सोडते, आणि ती विकरे कुलूप पाहत बसत नाहीत. लॅकेज हे त्यांतले एक. समोर येणाऱ्या रेणूचा इलेक्ट्रॉन ते हिसकावते आणि प्राणवायूला देते. प्राणवायूचे पाणी होते, आणि इलेक्ट्रॉन गमावलेला रेणू डळमळीत होऊन फुटू लागतो. लाकडातले कडे असो की डायक्लोफिनॅकमधले, घाव तोच. लॅकेज १८८३ मध्ये जपानी लाखेच्या झाडाच्या चिकात सापडले. लिग्निन पेरॉक्सिडेज हे त्याहून दणकट विकर १९८३ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी. १९८५ मध्ये ‘सायन्स’मध्ये बातमी आली की फॅनेरोकीटे क्रायसोस्पोरियम ही बुरशी डीडीटीसुद्धा मोडते.

या फॅनेरोकीटेचा जनुकसंच २००४ मध्ये वाचला गेला. आपल्या यकृतात औषधे हाताळणाऱ्या विकरांचे जे मोठे कुटुंब आहे, सायटोक्रोम पी-४५०, त्याची माणसात ५७ जनुके आहेत. या बुरशीत सुमारे १५०. एका अर्थी लाकडावर वाढणारे यकृतच म्हणायचे, आणि आपल्यापेक्षा जवळपास तिप्पट सामग्री बाळगणारे.

बुरशीसृष्टीचा पसाराही डोळे फिरवणारा आहे. २०१८ च्या एका गणतीनुसार पृथ्वीवरच्या साऱ्या बुरशींत मिळून १२ अब्ज टन कार्बन आहे, साऱ्या प्राण्यांत २ अब्ज टन, आणि आपल्या साऱ्या माणसांत ०.०६ अब्ज टन. बुरशी माणसांच्या दोनशे पट. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात आर्मिलारिया जातीची एकच बुरशी ९६५ हेक्टरवर जमिनीखाली पसरली आहे आणि तिचे वय किमान दोन हजार वर्षांच्या आसपास धरतात. तिचा प्रत्येक तंतू मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक. लिग्निन मोडण्याची कला सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वी उपजली, असे जनुकांवरून काढलेले अनुमान आहे. औषध कंपन्यांनी बांधलेले बरेच रेणू नवे आहेत; त्यांच्यातली वलये आणि बंध मात्र बुरशीच्या ओळखीचे आहेत.

प्रत्यक्ष पाण्यावर हे काम बार्सेलोनाच्या स्वायत्त विद्यापीठातल्या चमूने सर्वांत चिकाटीने केले. त्यांच्या उभ्या पात्रात ट्रॅमेटिसचे तंतू गोळा होऊन काही मिलिमीटरचे पांढरे गोळे बनतात, भिजलेल्या साबुदाण्यासारखे. खालून हवेचे झटके देऊन ते तरंगत ठेवायचे, पाणी किंचित आंबट ठेवायचे, तापमान २५ अंश, आणि खायला ग्लुकोज. जुने गोळे अधूनमधून काढून नवे घालायचे. २०१० मध्ये छापलेला निकाल: डायक्लोफिनॅक लिटरला १० मिलिग्रॅम असो की ४५ मायक्रोग्रॅम, एका तासात ९४ टक्क्यांहून अधिक नाहीसे. मधे तयार झालेले दोन तुकडेही दिवसभरात गेले आणि पाण्याचा विषारीपणा उतरला. ही शेवटची तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण औषध ‘नाहीसे’ होणे म्हणजे ते निरुपद्रवी होणे असे नाही. तुकडा मूळ रेणूहून वाईट निघू शकतो.

२०१४ मध्ये त्यांनी खऱ्या रुग्णालयाचे सांडपाणी घेतले. त्यात ५१ औषधे सापडली. ४६ काही अंशी किंवा पूर्णपणे निघाली. निर्जंतुक केलेल्या पाण्यातला औषधांचा एकूण भार ८३ टक्क्यांनी घटला. निर्जंतुक न केलेल्या, म्हणजे जसे येते तशा पाण्यात, ५३ टक्क्यांनी. या ८३ आणि ५३ मधले अंतर म्हणजेच या विषयाची सारी अडचण. पाण्यातले जिवाणू ग्लुकोजवर आधी हात मारतात, भराभर वाढतात आणि बुरशीला उपाशी पाडतात. प्रयोगशाळेतून बाहेर पडताना तीस टक्के वाटेतच गळतात.

हे पात्र जेमतेम दहा लिटरच्या आसपासचे होते. आवडीचे सांडपाणी त्याच्या ३७ लाख पट. मग आवडीच्या सगळ्या पाण्याला बुरशी लावायची ठरवली तर काय लागेल? कच्चा हिशेब मांडतो. पाणी तीन दिवस टाकीत ठेवायचे म्हटले तर ११ कोटी २० लाख लिटरच्या टाक्या हव्यात, जवळपास ४५ गाड्यांच्या मापाच्या. लिटरला २ ग्रॅम कोरडी बुरशी धरली तर २२४ टन बुरशी. आणि बार्सेलोनाच्या अनुभवानुसार दर ग्रॅम बुरशीला रोज सुमारे ०.४ ग्रॅम ग्लुकोज लागते. म्हणजे रोज ९० टन. रोज अडीच हजार टन ऊस गाळणारा आपला एखादा सहकारी कारखाना शेकडा दहाच्या उताऱ्याने २५० टन साखर काढतो. त्या उत्पादनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त साखर एकट्या आवडीच्या गटारात रोज ओतायची! हे होणार नाही, आणि होऊही नये.

बुरशी सगळे शहर धुऊन काढेल असे जे उत्साहाने लिहिले जाते ते या एका भागाकार-गुणाकारापुढे टिकत नाही. पण याच हिशेबाचा आकार लहान केला की चित्र पालटते. ५०० खाटांचे रुग्णालय घ्या. मोठ्या रुग्णालयांसाठी भारतीय मानकात खाटेमागे रोज ४५० लिटर पाणी धरतात. म्हणजे सव्वादोन लाख लिटर. एका गाडीचा दहावा भागही नाही, वाघिणी जेमतेम पाच. तीन दिवसांच्या टाक्या पावणेसात लाख लिटरच्या, बुरशी साडेतेराशे किलो. हे आवाक्यातले आहे. आणि क्ष-किरण तपासणीत टोचली जाणारी द्रव्ये, कर्करोगाची औषधे, शेवटचा उपाय म्हणून राखलेली प्रतिजैविके याच पाच वाघिणींत दाटीने असतात. एकदा ती शहराच्या गटाराला मिळाली की तेच रेणू पकडायला दीडशे पट पाणी उपसावे लागते.

राहिला साखरेचा प्रश्न. तिथे बुरशीला तिचे मूळचे अन्न द्यावे, लाकूड. स्पेनमध्येच नंतर लाकडाच्या ढलप्यांवर ट्रॅमेटिस वाढवून प्रयोग झाले. ढलपी खाणे जिवाणूंना जमत नाही, त्यामुळे मुकाबला बुरशीच्या बाजूने झुकतो. आणि आपल्याकडे तर तयार माल पडून असतो. भाताच्या, गव्हाच्या, सोयाबीनच्या काडावर अळंबी घेणाऱ्या शेतकऱ्याकडे एक किलो अळंबीमागे सुमारे पाच किलो वापरलेले काड उरते. ते बुरशीच्या जाळ्याने विणलेले असते आणि त्यात लॅकेज अजून शिल्लक असते. चेन्नईच्या उकाड्याला कोणती जात पेलेल हे मात्र पाहावे लागेल. ट्रॅमेटिसला २५ अंश मानवतात, तर फॅनेरोकीटे चाळीसच्या जवळही खुशीत वाढते.

चेन्नईत आणखी एक जागा मला बुरशीसाठी योग्य दिसते. २०१९ मध्ये कोडुंगैयूर आणि कोयंबेडू इथे सांडपाण्याला आरओ लावून उद्योगांना पुरवणारे दोन प्रकल्प सुरू झाले, प्रत्येकी रोज साडेचार कोटी लिटरचे. आवडीच्या साऱ्या सांडपाण्याहून हा एकेक प्रकल्प मोठा. आरओचे पडदे औषधे चांगली अडवतात, पण अडवलेले औषध नष्ट होत नाही. ते मागे राहणाऱ्या दाट पाण्यात साठते. थोडे पाणी, दाट औषध: बुरशीला हवे तसे. क्षार जास्त असतात ही अडचण आहे, आणि ती सोडवण्याजोगी आहे.

हे सगळे करायला लागणारी माणसे आणि बियाणे बाहेरून आणायला नको. मद्रास विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र केंद्रात टी. एस. सदाशिवन आणि सी. व्ही. सुब्रमणियन यांनी बुरशीशास्त्राची मोठी परंपरा उभी केली. सुब्रमणियन यांचा हायफोमायसिटीज या बुरशीगटावरचा १९७१ चा ग्रंथ जगभर वापरला गेला. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह १९५१ पासून आहे, आणि आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह. पुण्याच्या याच पहिल्या संग्रहातली ११४६ क्रमांकाची अॅस्परजिलस ऑक्रेसियस घेऊन कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संजय गोविंदवार यांच्या चमूने कापडाचा निळा रंग मोडून दाखवला, तो शोधनिबंध २००७ चा. तो रंग होता, औषध नव्हते. पण कापडाच्या रंगाला बुरशी लावणारे हात ती तारापूरच्या, कुरकुंभच्या किंवा लोट्याच्या औषध कारखान्यांच्या पाण्याला लावायला कचरणार नाहीत. काम मात्र त्यांना कोणी तरी सांगितले पाहिजे.

ते कोणी सांगत नाही, कारण कायदा विचारत नाही. २३ जानेवारी २०२० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी मसुदा काढला होता आणि त्यात १२१ प्रतिजैविकांच्या मर्यादा घातल्या होत्या. जगात असे पाऊल तेव्हा क्वचितच कोणी उचलले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली तेव्हा त्या मर्यादा तिच्यात नव्हत्या. युरोपीय संघाने २०२४ मध्ये ठरवले की सांडपाण्यातून असे सूक्ष्म प्रदूषक काढण्याच्या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषध आणि सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्यांनी उचलायचा. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविक कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल मार्गदर्शिका काढली. आपण दीड वर्षात मागे घेतलेली गोष्ट जग आता पुढे नेत आहे.

रुग्णालयांचे पाहा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची कसोटी दिली आहे: सामू (पीएच) ६.५ ते ९, तरंगते कण लिटरला १०० मिलिग्रॅम, तेल १०, बीओडी (मैला कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) ३०, सीओडी (तो रसायनांनी मोडायला लागणारा प्राणवायू) २५०. त्याखाली शेवटची अट अशी की या पाण्यात सोडलेल्या माशांपैकी ९० टक्के मासे ९६ तासांनी जिवंत असावेत. बीओडीचे ते ३० मिलिग्रॅम म्हणजे आपल्या गाडीतल्या गोळीच्या प्रमाणाच्या १५ लाख पट. त्या चाळणीत औषध दिसणेच शक्य नाही. आणि २६० क्रमांकाच्या तळ्यातले मासे तर ही शेवटची अटही बिनदिक्कत पार करून गेले असते. ९६ तासांनी ते जिवंतच होते. त्यांची पिढी खुंटली ती पुढच्या वर्षांत.

त्या यादीत एक ओळ वाढवा. सुरुवातीला पाचच औषधे धरा: डायक्लोफिनॅक, कार्बामॅझेपिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, इथिनिल इस्ट्राडायोल आणि क्ष-किरण तपासणीतले एखादे आयोडीनयुक्त द्रव्य. पाचशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयांनी वर्षातून दोनदा ती मोजावीत आणि आकडे दारावर लावावेत. वाचकांपैकी जे डॉक्टर आहेत, रुग्णालयांचे विश्वस्त आहेत, नगरसेवक आहेत, त्यांनी आपल्या इमारतीचे पाणी कुठे जाते आणि त्यात काय असते हे या महिन्यातच विचारावे. आणि बाकीच्यांनी घरातली उरलेली गोळी संडासात टाकू नये. तिला पुरेल एवढे पाणी आवडीत नाही, लातुरातही नाही.